तळ्यातला सामन (कोकनी) गळाला लागतो पण बोटीत येत नाही, मदत हवी

राजापूरकर_सिएटल

नमस्कार मंडळी, तीनेक वर्षं वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय. विषय मासेमारीचा आहे पण थोडा वेगळ्या माशाचा, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

बाबा मे महिन्यात राजापूरहून आलेत, सहा महिने आहेत. जैतापूरच्या खाडीत उभं आयुष्य गरवण्यात गेलेलं, हातात नुसती दोरी, टोकाला गरी आणि कोळंबी. तांबोशी लागली की शेंगाळा लागला हे दोरी बोटावर कशी थरथरते त्यावरून सांगायचे. इथे आल्यापासून घरात बसून कंटाळलेत म्हणून मित्राची १४ फुटी अ‍ॅल्युमिनियमची बोट घेतली, बाबांचं एका दिवसाचं लायसन्स काढलं (इथे वॉशिंग्टनमध्ये १५ वर्षं आणि त्यावरच्या सगळ्यांना लागतं, पाहुण्यांनासुद्धा) आणि जूनच्या शेवटी एका पहाटे लेक स्टीव्हन्सला गेलो. तिथे कोकनी मिळतो, म्हणजे समुद्रात न जाता तळ्यातच वाढणारा सामन. दुकानातल्या माणसाने दिलं ते सगळं घेतलं, चमकणारा पत्रा ज्याला डॉजर म्हणतात तो, त्यामागे गुलाबी रबरी माकुल (स्क्विडसारखं दिसणारं आमिष), गळांना पांढऱ्या मक्याचे दाणे.

चार वेळा मासा लागला. चारही वेळा सुटला. शेवटचा तर बोटीपासून हातभर अंतरावर होता, चांदीच्या पट्टीसारखा लखलखीत, दोनदा हवेत उडाला आणि तिसऱ्यांदा दोरी सैल. गळ वर घेऊन बघितला तर त्याला ओठाचा पापुद्रा चिकटलेला, कांद्याच्या आतल्या सालीइतका पातळ, त्यातून पलीकडचं दिसत होतं. बाबा तो पापुद्रा बोटावर घेऊन बराच वेळ बघत बसले. परत येताना गाडीत एवढंच म्हणाले की "माझ्या हाताची चूक झाली."

मला त्यांना एकदा तरी हा मासा पकडून द्यायचाय. कोणाला अनुभव असेल तर सांगा प्लीज, आमचं नक्की काय चुकतंय?

सायली_सॅक्रामेंटो

राजापूरकर, बाबांना सांगा चूक हाताची नाही, सवयीची आहे आणि ती बदलता येते. मी नऊ वर्षं कोकनीच्या मागे आहे, स्टॅम्पीड, बेरीएसा, बुलर्ड्स बार अशा कॅलिफोर्नियातल्या सगळ्या जलाशयांवर फिरलेय आणि पहिल्या वर्षी माझंही अगदी हेच झालं होतं.

खाडीतला मासा लागला की आपण हिसका देतो, गरी जबड्यात रुतली पाहिजे म्हणून. कोकनीला हिसका दिला की संपलं. त्याचं तोंड अक्षरशः कागदाचं असतं. इथे रॉड रॉडहोल्डरमध्येच असू द्यायचा, मासा लागला की रॉड स्वतःच वाकून वाकून गळ बसवतो, आपण फक्त उचलून घ्यायचा आणि सावकाश गुंडाळत राहायचं. रॉड पण तसाच हवा, सात-साडेसात फुटी, एकदम लवचिक, मुठीपर्यंत वाकणारा. कडक रॉडने कोकनी पकडणं म्हणजे काठीने जिलबी उचलण्यासारखं आहे. रिळाचा ब्रेक इतका सैल ठेवा की हाताने दोरी ओढली तर सहज सुटली पाहिजे.

आणि एक, मासा बोटीजवळ आला की दोरी कधीच सैल पडू द्यायची नाही, इथेच तो गिरक्या घ्यायला लागतो. जाळं आधी पाण्यात बुडवून ठेवायचं आणि मासा जाळ्यावर आणायचा, जाळं घेऊन माशाच्या मागे धावायचं नाही. दोरीला धरून उचलून बोटीत टाकायला गेलात तर दहातले सहा परत पाण्यात.

बाबांचा हात दोरीवरचा आहे ना, मग ते लवकर शिकतील बघा.

मधुरा_कोथरूड

धागा आवडला पण मूळातच शंका आहे. सामन समुद्रातून नदीत अंडी घालायला येतो ना? मग तळ्यात कसा? आणि आपल्याकडे हॉटेलात "इंडियन सामन" म्हणून रावस देतात तो हाच का? आणि कोकनी म्हणजे आपल्या कोकणाशी काही संबंध?

बॉयसीचा_बाळू

मधुराताई, चांगले प्रश्न आहेत, एकेक घेतो.

रावसाचा आणि सामनचा काही संबंध नाही, कुळच वेगळं. नावाचं म्हणाल तर ऐकायला कोकणी वाटतं खरं, पण हा शब्द इथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतून आलाय, अर्थ लाल मासा.

आता तळ्यात कसा. पॅसिफिक महासागरात सॉकाय नावाचा सामन आहे, अंडी घालायला येतो तेव्हा पूर्ण लाल होतो तोच. त्याची पिल्लं नदीतून तळ्यात उतरतात, वर्ष दोन वर्षं तिथे वाढतात आणि मग समुद्रात जातात. हजारो वर्षांत काही ठिकाणी समुद्राची वाट बंद झाली, काही ठिकाणी वाट होती तरी काही मासे गेलेच नाहीत, तळ्यातच राहिले. त्यांची पुढची पिढी म्हणजे कोकनी. सॉकाय आणि कोकनी एकाच जातीचे, फक्त समुद्रातलं खाणं न मिळाल्यामुळे हा लहान राहतो, साधारण १० ते १५ इंच, चांगल्या तळ्यात १८-२०. विक्रम मात्र साडेनऊ पौंडांच्या वरचा आहे, ओरेगनमधल्या वॉलोवा लेकमध्ये २०१० साली मिळालेला. नंतर माणसांनी हा मासा शेकडो धरणांच्या जलाशयांत नेऊन सोडला. बाकी सगळं सॉकायसारखंच, तीन-चार वर्षांचा झाला की शरद ऋतूत लाल होतो, नराला कुबड येतं, जबडा वाकतो, झऱ्यात जाऊन खडीत अंडी घालतो आणि मरतो.

आता राजापूरकर, तुमच्यासाठी खरी गोष्ट. सायलीताईंनी हाताचं सांगितलं, मी पोटाचं सांगतो. कोकनी मासे खात नाही, किडे फारसे खात नाही, मका तर नाहीच नाही. तो खातो डॅफ्निया, म्हणजे पाण्यातली पिसू, तांदळाच्या कणीहूनही बारीक. त्याचे कल्ले उघडून बघा, आत कंगव्यासारखे दाट काटे असतात, त्याने तो पाणी गाळून पिसवा वेचतो. असल्या माशाला चावून धरायची गरज नाही म्हणून तोंड नाजूक. तुमचा सगळा प्रॉब्लेम त्या कणीएवढ्या जिवात आहे आणि उत्तरही तिथेच आहे.

मग तो गळाला लागतो कशाला, तर भूक म्हणून नाही, चिडून. त्याच्या थव्यातून काहीतरी चकाकतं, वळवळतं, वास मारत जातं, त्याला ते सहन होत नाही आणि तो त्यावर तोंड टाकतो. म्हणून तर गुलाबी, केशरी असले भडक रंग. म्हणून डॉजर. मक्याचे दाणे पण वास धरून ठेवायला असतात, खायला नाही.

राजापूरकर_सिएटल

बाळूदादा, सायलीताई, मनापासून आभार. हे सगळं बाबांना वाचून दाखवलं. "चिडून चावतो" म्हटल्यावर बाबा पहिल्यांदा हसले. त्यांचे प्रश्न आहेत, लिहून घेतलेत तसेच टाकतो. एक, इतक्या मोठ्या तळ्यात तो कुठे असतो कसं कळायचं, खाडीत भरती-ओहोटी बघून कळतं, इथे पाणी हलतच नाही. दोन, बोट किती हळू. तीन, त्या पत्र्याचं काम काय.

बॉयसीचा_बाळू

बाबांचा पहिला प्रश्न लाखमोलाचा आहे.

इथे भरती-ओहोटीच्या जागी तापमान. उन्हाळ्यात तळं थरांमध्ये विभागतं. वर कोमट पाणी, खाली थंडगार पाणी आणि मध्ये एक पातळ थर जिथे दहा-पंधरा फुटांत तापमान धाडकन उतरतं. अंघोळीला उतरलात तर छातीपर्यंत पाणी बरं वाटतं आणि पायाला एकदम झोंबतं ना, तसं, फक्त मोठ्या मापाने. कोकनीला ५४ फॅरनहाइटच्या आसपासचं पाणी लागतं, म्हणजे १२ सेल्सिअस. तो आडवा शोधायचा मासा नाहीच, उभा शोधायचा आहे. एप्रिल-मेमध्ये वरचं पाणीच गार असतं तेव्हा १०-१५ फुटांवर मिळतो, जून-जुलैत ३०-४० फूट, ऑगस्टमध्ये काही जलाशयांत ८०-९० फुटांवर. तुम्ही जूनच्या शेवटी गेलात आणि चार तरी लागले म्हणजे पहाटे गेलात म्हणून. उजेड त्याला आवडत नाही, सूर्य वर आला की तो खाली जातो आणि आमिष पण खाली न्यावं लागतं.

त्यासाठी डाऊनरिगर. तारेला ८-१० पौंडाचा गोळा, गोळ्याजवळच्या चिमट्यात आपली दोरी, गोळा हव्या त्या खोलीला सोडायचा, मासा लागला की दोरी चिमट्यातून सुटते. चिमटा अगदी हलका लावा, घट्ट असेल तर बारका मासा दोरी सोडवूच शकत नाही, तासभर मागे फरफटत येतो आणि आपल्याला पत्ता नसतो. बजेट नसेल तर शिशाची तार आत असलेली दोरी घ्या, ती दर १० यार्डांना रंग बदलते, हळू चालीत एका रंगाला साधारण ५ फूट खोली धरा. मी पहिली चार वर्षं त्यावरच काढली. फिशफाइंडर (पाण्याखालचे मासे पडद्यावर दाखवणारं यंत्र) असेल तर थवा दिसतोच, कमानीसारख्या रेघा एका विशिष्ट खोलीला ओळीने. थव्याच्या जरा वरून आमिष न्या, कोकनी वर येऊन घेतो, खाली उतरत नाही.

सायली_सॅक्रामेंटो

दुसऱ्या-तिसऱ्याचं मी सांगते.

वेग ताशी १ ते दीड मैल, म्हणजे वयस्कर माणूस रमतगमत चालतो त्याहून हळू. जीपीएस बघून ठरवा, वारा असेल तर अंदाज साफ चुकतो. आणि सरळ रेषेत अजिबात जायचं नाही, नागमोडी जायचं. वळताना बाहेरच्या बाजूच्या रॉडचं आमिष वेग घेऊन वर उचललं जातं, आतल्या बाजूचं मंदावून खाली बसतं. कुठल्या रॉडला मासा लागला ते बघा. बाहेरच्याला लागला तर वेग थोडा वाढवा, आतल्याला लागला तर कमी करा. मासाच सांगतो त्याला काय हवंय ते.

डॉजर म्हणजे तो पत्रा डावी-उजवीकडे डुलतो आणि मागच्या माकुलाला झटके देतो. रबरी माकुलाला स्वतःची काही हालचाल नाही, सगळी पत्र्याची, म्हणून मधली दोरी आखूड हवी, डॉजरच्या लांबीच्या दीडपट ते अडीचपट. तुम्ही किती ठेवली होती? माझा अंदाज आहे दोन-तीन फूट असणार, नवीन माणूस तेवढी ठेवतो आणि माकुल नुसतं मेल्यासारखं मागे येतं. बोटीच्या बाजूला पाण्यात सोडून बघा आधी, माकुल नाचलं पाहिजे. पत्रा गोल गोल फिरायला लागला तर वेग जास्त झालाय, तो डुलायला हवा, भोवऱ्यासारखा फिरायला नको.

मक्याचं. दुकानात मिळणारा बारीक पांढरा मका, डब्यातला, पाणी काढून टाकायचं आणि वेगवेगळ्या बरण्यांत वेगवेगळा वास. एका गळाला एकच दाणा, टोकाजवळून ओवायचा, गळ झाकायचा नाही. मी एका बरणीत लसूण ठेचून घालते, एकीत कोळंबीचं तेल, एकीत ट्यूनाच्या डब्यातलं तेल. लसणाची बरणी सगळ्यात आधी संपते दर वेळेला. वास दर अर्ध्या तासाने बदलायचा, पाण्यात धुऊन जातो. आणि सनस्क्रीन लावलेल्या हाताने मक्याला हात लावू नका, याबद्दल मी फार कडक आहे, घरच्यांनाही साबणाने हात धुवायला लावते.

उजनीकर

वाचतोय. एकदम भारी माहिती. मी भिगवणकडचा, उजनीच्या पाण्यावर लहानाचा मोठा झालो. आमच्याकडे गळाला कणीक, गांडूळ. प्रश्न असा की हा कोकनी उजनीत किंवा कोयनेत सोडला तर जगेल का, कोयना तर केवढी खोल आहे.

बॉयसीचा_बाळू

उजनीकर, नाही जगणार. आपल्या जलाशयांत हिवाळ्यातसुद्धा पाणी याला झेपेल एवढं गार होत नाही. उन्हाळ्यात खोल पाणी त्यातल्या त्यात गार असतं पण तिथे प्राणवायू संपलेला. आणि अंडी खडीत गार वाहत्या पाण्यात महिनोन्‌महिने राहावी लागतात, ते कुठून आणणार. भारतात याच्या लांबच्या भावंडांना, ट्राउटला, काश्मीर, हिमाचल, मुन्नार असलीच ठिकाणं मानवली.

पण समजा जगला असता तरी मी सोडू नका म्हणालो असतो. बाहेरून आणलेल्या चिलापीचं काय झालं ते तुम्हीच सांगा ना.

उजनीकर

खरंय. आमचे आजोबा मरळ, वाम, शिंगटा सांगायचे, माझ्या आठवणीत जाळ्यात निम्म्याच्या वर चिलापीच. बाजारात पण उजनीची चिलापी म्हणूनच ओळख झालीये, त्यावर किती घरं चालतात, त्यामुळे तिला नुसती नावं ठेवून चालत नाही. पण बाकीचे मासे गेले ते गेले.

लोणावळ्याला टाटांचं वळवणचं केंद्र आहे तिथे ते महाशीरची पिल्लं वाढवतात, १९७० च्या दशकापासून. मी शाळेच्या सहलीत बघितलंय. आपल्या नद्यांत सोडायचाच असेल तर तो मासा सोडावा असं मला वाटतं.

बॉयसीचा_बाळू

उजनीकर, तुम्ही विषय काढलाच आहे तर फ्लॅटहेडची गोष्ट इथे लिहितोच, गेली कित्येक वर्षं ती माझ्या डोक्यातून जात नाही.

मोंटानात फ्लॅटहेड लेक आहे, अवाढव्य. १९१६ मध्ये तिथे कोकनी आला आणि स्थिरावला. शरद ऋतूत वरच्या ग्लेशियर नॅशनल पार्कमधल्या मॅकडॉनल्ड क्रीकमध्ये अंडी घालायला लाखभर मासे चढायचे. त्यांना खायला गरुड जमायचे, पांढऱ्या डोक्याचे, १९८१ मध्ये एका मोजणीत ६३९ गरुड. अस्वलं यायची, पाणमांजरं यायची, बघायला माणसं यायची.

तर मासे आणखी मोठे व्हावेत म्हणून वरच्या काही तळ्यांत मायसिस नावाची बारीक कोळंबी सोडली होती, १९६८ ते ७५ च्या दरम्यान. हेतू चांगला होता, कॅनडात कूटनी लेकमध्ये आधी सोडली होती तेव्हा तिथले काही कोकनी चांगले मोठे झालेले. वाहत वाहत ती १९८१ मध्ये फ्लॅटहेडमध्ये पोचली. आता नीट बघा काय होतं. ही कोळंबी दिवसा तळाशी जाऊन बसते, अंधारात, आणि रात्री वर येते. कोकनी डोळ्यांनी बघून खाणारा मासा, तो दिवसा वरच्या-मधल्या थरात. दोघांची गाठच पडत नाही. म्हणजे कोकनीला ही कोळंबी खाता येत नाही, उलट कोळंबी रात्री वर येऊन काय खाते, तर डॅफ्निया, कोकनीचं तोंडचं अन्न! आणि तळाशी राहणारा लेक ट्राउट ही कोळंबी खाऊन माजला आणि मग त्याने कोकनीवर हात मारला. दोन्हीकडून कोंडी. त्याच मॅकडॉनल्ड क्रीकमध्ये १९८७ मध्ये काहीशे मासे आले आणि १९८९ मध्ये साधारण पन्नास. गरुड २५.

मी दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरमध्ये मुद्दाम त्या क्रीकच्या पुलावर जाऊन उभा राहिलो. पाणी इतकं नितळ की तळाची खडी मोजता येते, हिरवी, तांबडी, जांभळट. मासा एक नाही. शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते ते म्हणाले की लहानपणी इथे पाणी लाल दिसायचं.

आमच्या आयडाहोत पेंड ओरे लेकचंही त्याच वाटेने चाललं होतं, २००० पासून कोकनी ठेवायला बंदी आली. तिथे मात्र लेक ट्राउट जाळ्यांनी काढायला लागले, गळाने पकडणाऱ्यांना डोक्यामागे १५ डॉलर दिले, अनेक वर्षं चिकाटीने केलं आणि २०१३ मध्ये कोकनी परत खुला झाला. मी त्या तळ्यावर पहिला कोकनी पकडला तेव्हा घड्याळ बघून दोन मिनिटं गप्प बसलो होतो.

बोस्टनची_मीनल

बाळूदादा, अंगावर काटा आला वाचून.

इकडे पूर्वेला पण तळ्यातला सामन आहे पण तो वेगळा, अटलांटिक सामनचा तळ्यात राहिलेला भाऊ. मेन राज्यात सेबेगो लेक आहे, या माशाच्या शास्त्रीय नावातच सेबेगो आलंय. हा कोकनीसारखा पिसवा खात नाही, स्मेल्ट नावाचे बारके मासे खातो, म्हणून इथे आमिष पण बारक्या माशासारखं, पिसांचं. ग्रे घोस्ट नावाचं एक पिसांचं आमिष आहे, कॅरी स्टीव्हन्स नावाच्या बाईंनी मेनमध्ये बनवलेलं, आजही जसंच्या तसं वापरतात. माझ्या डब्यात तीन आहेत. आणि मुख्य फरक म्हणजे हा अंडी घालून लगेच मरत नाही, परत परत घालू शकतो.

आमचा हंगाम बर्फ फुटलं की. न्यू हॅम्पशरला विनिपसॉकीवर १ एप्रिलला उघडतो, बोटी उतरवायला जागा नसते, लोक गोदीवर थंडीत कुडकुडत उभे. पाणी सगळीकडे सारखंच गार असल्यामुळे मासा अगदी वर असतो, डाऊनरिगर वगैरे काही लागत नाही. तोंड पण बऱ्यापैकी कडक. राजापूरकर, बाबांना पुढच्या एप्रिलमध्ये इकडे आणा, त्यांचा हिसका इथे चालेल 😊

इसाक्वाची_वैदेही

राजापूरकर, तुम्ही सिएटलकडचे म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगते. लेक समामिशमध्ये कोकनी लागला तर तो परत सोडायचा, तिथे ठेवायला बंदी आहे. आपली निम्मी मराठी मंडळी त्याच तळ्याच्या काठी राहतात, रेडमंड, बेलव्ह्यू, समामिश, इसाक्वा, आणि ट्राउट म्हणून काय लागलंय ते न बघता बादलीत टाकणारे मी पाहिलेत. फरक सोपा आहे, शेपटीवर बघा. रेनबो आणि कटथ्रोट ट्राउटच्या शेपटीवर काळे ठिपके असतात, कोकनीच्या पाठीवर-शेपटीवर स्पष्ट ठिपके नसतात.

समामिशचा कोकनी कोणी आणून सोडलेला नाही, तो इथलाच, मूळचा. आधी हजारोंनी होते. २०१७-१८ च्या हंगामात झऱ्यांमध्ये मोजून वीसएक मासे परतले. उन्हाळ्यात वरचं पाणी तापतं आणि खालच्या पाण्यातला प्राणवायू संपतो, मधल्या चिंचोळ्या थरात बिचारे अडकतात, आणि तिथेच त्यांना खाणारे मासे येऊन बसतात. त्यात रस्त्यांखालच्या मोऱ्या, ज्यातून त्यांना वर चढता येत नाही. आता बऱ्याच मोऱ्या बदलल्या, पिल्लं हॅचरीत वाढवून सोडली, झऱ्याकाठी झाडं लावली.

आणि अजून एक गैरसमज. ऑक्टोबरच्या सुरुवातीला आपण मुलांना घेऊन इसाक्वा हॅचरीला सामन बघायला जातो, तिथे दिसतात ते समुद्रातून आलेले चिनूक आणि कोहो जातीचे सामन. समामिशचा कोकनी उशिरा येतो, नोव्हेंबर-डिसेंबरात, पावसात, एब्राइट क्रीक, लुईस क्रीक असल्या ओढ्यांत. ओढे म्हणजे किती, लहान मूल उडी मारून ओलांडेल एवढे. मी मागच्या डिसेंबरात छत्री घेऊन लेकीबरोबर पाऊण तास उभी होते. एक जोडी दिसली. मादी शेपटी आपटून खडी उकरत होती, पाणी तिच्या पाठीएवढंही नव्हतं, अर्धी पाठ बाहेर आणि लालभडक. लेक कुजबुजत विचारत होती की आई तिला थंडी नाही का वाजत.

राजापूरकर_सिएटल

वैदेहीताई, हे मला माहीत नव्हतं. माझं घर समामिशपासून दहा मिनिटांवर आहे. ओळखीच्या सगळ्या ग्रुपवर टाकतो.

मधुरा_कोथरूड

मी मासे पकडत नाही, फक्त खाते, त्यामुळे माझा प्रश्न तोच. लागतो कसा खायला? आणि पकडून सोडून द्यायचा नाही का, इतका नाजूक तर?

सायली_सॅक्रामेंटो

मधुरा, जिथे ठेवायला परवानगी आहे तिथे माझं उलट मत आहे. कोकनीचे खवले हात लागताच गळतात, वरच्या कोमट पाण्यात दमलेला मासा सोडला की बऱ्याचदा तो मरतोच. त्यामुळे मर्यादेएवढे पकडायचे, ठेवायचे आणि दोऱ्या गुंडाळून घरी जायचं. दिवसभर वीस पकडून पंधरा सोडले असं सांगणारे असतात, मला ते पटत नाही. जिथे सोडावाच लागतो तिथे पाण्याबाहेर न काढता गळ काढायचा.

खायला अप्रतिम. मांस केशरी-लाल, तेलकट, कारण त्या पिसवांचाच रंग. पण पकडल्या पकडल्या कल्ला कापून रक्त काढायचं आणि बर्फ-पाण्याच्या डब्यात टाकायचा. तासभर उन्हात ठेवलात तर मांस पिठासारखं होतं मग कितीही चांगला मसाला लावा. आणि शरदात लाल झालेला मासा खाऊ नये, सगळी ताकद अंड्यात गेलेली, मांस फिक्कं आणि पचपचीत.

माझी पद्धत: हळद, मीठ, कोकमाचं आगळ, लसूण, अगदी थोडं तिखट. तांदळाच्या पिठात घोळवून कातडीची बाजू आधी तव्यावर, ती कुरकुरीत झाली की अर्धा मिनिट उलटून काढायचा. सुरमईएवढा वेळ ठेवला तर कोरडा होतो. रस्सा करू नका, मासा विरघळतो.

राजापूरकर_सिएटल

मंडळी, वृत्तांत!

शनिवारी परत लेक स्टीव्हन्स. साडेचारला पाण्यात. या वेळी लवचिक रॉड, मधली दोरी १० इंच (सायलीताई, तुमचा अंदाज बरोबर होता, मागच्या वेळी ३० इंच होती), लसणाचा मका बाबांनी स्वतः आदल्या रात्री खलबत्त्यात ठेचून केलेला, सगळं घर दरवळत होतं. शिशाच्या दोरीचे आधी चार रंग सोडले, काही नाही. उजेड झाल्यावर सहा रंग.

सव्वासहाला बाबांचा रॉड हलायला लागला, टोक टकटक टकटक करत. बाबांनी हात पुढे नेला आणि थांबले. मी त्यांच्या हाताकडेच बघत होतो. बोटं मिटत होती, उघडत होती, पण रॉडला हात लावला नाही, टोक पूर्ण खाली वाकेपर्यंत. मग दोन्ही हातांनी अलगद उचलला, जसं झोपलेलं मूल उचलतात, आणि डाव्या हाताचं पहिलं बोट दोरीखाली सरकवलं. रिळापेक्षा त्यांचा विश्वास त्या बोटावर. मासा ओढायला लागला की बोट सैल, थांबला की बोट वर. बोटीजवळ आल्यावर तो तीन वेळा उडाला, मी जाळं बुडवून धरलेलं, बाबा नुसतं "थांब, थांब, अजून नको, आता" म्हणत होते आणि "आता" म्हटल्यावर मासा आपणहून जाळ्यात आल्यासारखा आला.

१४ इंच. बर्फात टाकायच्या आधी बाबांनी त्याचा कल्ला उघडून ते कंगव्यासारखे काटे नीट निरखून बघितले, बाळूदादा, तुम्ही सांगितलेले. म्हणाले याचं खाणं कणीएवढं म्हणून हा सगळाच हलक्या हाताचा आहे.

आठपर्यंत अजून दोन आले, एक माझ्या रॉडला. एक सुटला पण तो माझ्याच घाईमुळे. साडेआठला वारा सुटला म्हणून निघालो. सायलीताईंच्या पद्धतीने आगळ लावून केले, आईने व्हिडिओ कॉलवर उलथन्याचा आवाज ऐकून "उलट आता" सांगितलं.

वैदेहीताई, बाबा नोव्हेंबरच्या २० तारखेला परत जातायत. त्याआधी ते ओढ्यातले मासे दिसण्याची काही शक्यता आहे का? त्यांनी दोनदा विचारलं.

इसाक्वाची_वैदेही

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात चांगला पाऊस झाला तर पहिले मासे चढतात कधीकधी. मी घराजवळच असते, पाऊस पडला की दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन बघते आणि तुम्हाला विपूत (विचारपुशीत) कळवते. बाबांसाठी गमबूट आणा, काठ फार निसरडा असतो, आणि पाण्यात पाय अजिबात टाकायचा नाही, खडीत अंडी असतात.